निळ्या मिठाचं आगर

मंजुळाने मासळीची पाटी ओसरीवर आदळली, आतलं एक बोईट शेपटीला धरून उचललं आणि तुळसाच्या नाकासमोर नाचवलं.

"बघ! कल्ले बघ याचं. नीट बघ!"

ताज्या बोईटाचे कल्ले कसे लालचुटूक असतात. याचे जांभळे पडले होते, आणि कडेकडेने निळी झाक.

"डोंबिवलीच्या बाजारान एक बाई मना काय बोलली ठावं हाय? बोलली, मावशी, ही मासली काय शाईच्या दौतीन पकरली? समदा बाजार खो खो हसला. येक बोईट खपला नाय. पाटी उचलली नि सरळ तुज्या दारान आली मी."

तुळसाचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे होते. ती रंगाच्या भट्टीवरून उठूनच आली होती. ते हात कुठे लपवावेत हे तिला कळेना. पदराखाली घेतले तर पदर रंगला असता, पाठीमागे घेतले तर लहान पोरीसारखं दिसलं असतं. शेवटी तिने ते तसेच समोर लोंबकळत ठेवले.

"वरून मोठ्या कारखान्यांचा पन पानी येतो की, मंजुळा," ती हळूच म्हणाली.

"येतो ना! पन त्यांचा दरवाजा मना ठावा नाय. तुजा ठावा हाय."

दिवा स्टेशनच्या पलीकडे, खाडीच्या काठाला चिकटून बसलेल्या या चिंबोरपाड्यात तुळसा नवी नवरी म्हणून आली, तेव्हा चावून न घेता चिंबोरी कशी धरायची हे तिला मंजुळानेच शिकवलेलं. आगरीपाडा वर, कोळीवाडा खाली, मधे एक विहीर. त्या विहिरीवर दोघींची मैत्री जमलेली.

"आमच्या दामाजी पाटलांनी बैठक घेतली," मंजुळा आता खालच्या आवाजात बोलली. "शिमग्यापरत तुमचा नल बंद नाय झाला, तं समदा कोलीवारा चिखलाच्या पाट्या घेऊन येनार नि नलाचा तोंड लिंपून टाकनार. मी बोलली, मीच सांगते तिला. आता सांगितला."

पाटी डोक्यावर घेऊन ती निघाली. ते एक बोईट मात्र ओसरीवरच राहिलं.

रंगाचं पाणी खाडीत सोडणारा नळ बंद म्हणजे रंगखाना बंद. रंगखाना बंद म्हणजे घराची चूल राघोच्या छातीवर आली, आणि राघोच्या छातीत तेवढा जोर उरला नव्हता. तुळसाचा नवरा ठाण्याच्या एका मिलमध्ये रंगखात्यात होता. वाफेने आणि तेजाबाने त्याचे फुप्फुस अर्धे खाल्ले, उरलेले घेऊन तो मिल बंद पडल्यावर घरी आला. पण हातात विद्या होती. त्याने घरामागे पत्र्याची शेड टाकली, भट्टी बांधली, धुवायला तीन हौद बांधले. भिवंडीच्या व्यापाऱ्याकडून पांढऱ्या सुताच्या लड्या आणायच्या, रंगवायच्या, वाळवायच्या, परत पोचवायच्या. रंगाचं माप राघोचं. अंगमेहनत तुळसाची.

ती मेहनत बघावी! उकळत्या रंगावर बांबू आडवे टाकलेले, बांबूंना लड्या लोंबकळतायत, आणि तुळसा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक बांबू उचलून लड्या फिरवत चाललीय. थांबली की रंगाला डाग पडला. वाफेने भुवया ओल्या, खांद्याला घट्टे, आणि वर तोंडात एखादं हळदीचं गाणं. भिजलेली लडी म्हणजे बुडालेल्या बकऱ्याएवढी जड. ती पिळताना तुळसाच्या दंडाच्या शिरा अशा तटतटून यायच्या की बघणाऱ्याने आपले हात गुपचूप खिशात घालावेत.

आणि या सगळ्याला लागायचं मीठ. घमेल्याच्या घमेल्याने. मीठ नसेल तर रंग पाण्यातच बसून राहतो, सुताकडे ढुंकून बघत नाही. मीठ पडलं की मुकाट्याने धाग्यात शिरतो. काम झालं की ते निळंकाळं खारट पाणी नळातून सरळ खाडीत.

ते मीठ टेम्पोतून गोणीने यायचं, आणि गोणी उतरली की राघोचा बाप पंढरी उठून भिंतीकडे तोंड करून बसायचा.

"आगऱ्याच्या घरान परक्याचा मीठ! बघा, बघा रं, गाववाल्यांनो!"

म्हातारा जन्माचा मिठागरवाला, आणि तोंडाचा फटकळ. 'माज्या मिठावर ठान्याचा कलेक्टर जेवला' असं तो छातीठोक सांगायचा. कोणता कलेक्टर, कधी जेवला, हे विचारायची सोय नव्हती. खांदे गेले तसं त्याचं आगर पडीक झालं होतं. बांध खचले होते, कडेने तिवरांची झुडपं उगवली होती. पण मीठ ओढायच्या दाताळ्याला तो दर दसऱ्याला तेल लावायचा, आणि जेवताना स्वतःच्या जुन्या रांजणातलंच मीठ घ्यायचा. गोणीतल्याला बोट लावायचा नाही.

त्या संध्याकाळी राघो भाकरी मोडत म्हणाला, "पाणी खाडीत नाय सोडायचं तर काय डोक्यावर घ्यायचं? का परत माजिवड्याला जाऊन रिक्षा शिकू? मागं शिकायला गेलेलो तेव्हा काय झालेलं, ठाऊकाय ना?"

ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी त्याने रिक्षा चहाच्या टपरीत घातली होती. तुळसाला रडताना हसू फुटलं आणि भाकरीचा तुकडा घशात अडकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लड्या वाळत घालत होती. बांबूखाली एक काळा फत्तर होता. ओल्या लड्यांचं पाणी रोज त्याच्यावर ठिबकायचं आणि उन्हाने सुकायचं. त्या फत्तरावर निळसर पापुद्रा धरला होता. इतकी वर्षं ती त्याला वळसा घालून जात होती. आज ती उकिडवी बसली, नखाने पापुद्रा खरवडला आणि जिभेला लावला.

"थू!" रंगातल्या सोड्याने जीभ चरचरली. पण चरचर ओसरल्यावर मागे जे उरलं, ते आगऱ्याच्या लेकीला सांगावं लागत नाही.

मीठ!

ती तशीच उभी राहिली. हातातली लडी टपटपत होती. समोर सासऱ्याचं पडीक आगर उन्हात पसरलेलं. एकेका कप्प्यात पाणी आटवून मीठ पिकवायची जागा, आणि इथे आपण मिठाचं पाणी खाडीला वाहतोय, आणि परत गोणी मागवतोय! तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मग एकदम नाचावंसं वाटलं.

पंढरी विहिरीजवळच्या कट्ट्यावर बसला होता. तुळसा धावतच गेली.

"बाबा, तुमचा आगर द्या मना."

"कशाला गो?"

"रंगाचा पानी सोरायला. सुकवून मीठ काढू त्यातला."

म्हाताऱ्याने तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने म्हैस बांधायला देवघर मागितलं होतं.

"माज्या बापाशीचा घाम परलाय त्या आगरान! पांढरा फेक मीठ दिला त्याना. तिथं तुजा गटाराचा पानी?"

"गटाराचा नाय. चाखून तरी बघा."

पंढरी बाजूला थुंकला. विहिरीवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. गंगुबाई तर मोठ्याने म्हणाली, "राघोची बायको आता मिठाला पन रंग देनार गो! आमच्या आमटीला गुलाबी दे हां!"

तुळसाचे कान तापले. पण त्या रात्री तिला झोप छान लागली, कारण काय करायचं ते तिचं ठरलं होतं.

सकाळी कुदळ आणि घमेलं घेऊन ती आगरात उतरली. राघो खोकत खोकत मागून आला. दोघांनी तिवरं उपटली, खचलेले बांध वर घेतले. मग आली तळाची पाळी. मिठागराचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करावा लागतो, नाहीतर पाणी जमीन पिऊन टाकते. तुळसाने लुगडं खोचलं आणि दणादण तुडवायला सुरुवात केली. गुडघ्याएवढा चिखल. एक पाय काढला की दुसरा रुतायचा.

पंढरी लांब बांधावर डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. बघत नाही असं दाखवत होता. त्याला ते किती वेळ जमणार?

"अगं ए! मसाला कुटतंस का आगर तुरवतंस?"

तुळसा थांबली नाही.

"टाच घालू नको! खड्डं परतील! चवरा टेक, चवरा!"

"असा?" तिने मुद्दाम आणखी वाकडा पाय टाकला.

म्हाताऱ्याच्या तोंडून एक शिवी सुटली आणि धोतर वर खोचून तो आत उतरला. काटकुळ्या पोटऱ्या, पण चवडा असा पडायचा की खाली चिखल गुळगुळीत. एकाच्या पायाला दुसऱ्याचा पाय चिकटवून, आडवं आडवं सरकत. तिघं ओळीने चालले, सासरा पुढे, सून मधे, नवरा मागे. वरून जाणारी पोरं ओरडली, "ए, लेझीम चाललाय!" पंढरी त्यांच्याकडे बघून दात नसलेलं हसला. त्या दिवसापासून आगराचा मुकादम तोच. आदल्या दिवशी आपण नाही म्हटलं होतं हे त्याने असं विसरून टाकलं की कुणी आठवण करून दिली असती तर तोच भांडला असता.

"आगरान पानी थांबत नाय, चालतो," तो शिकवू लागला. "पयल्या कप्प्यातून दुसऱ्यान, दुसऱ्यातून तिसऱ्यान. चालतो तसा दाट होतो."

तुळसाने ते ऐकलं आणि धुण्याच्या तीन हौदांकडे वळून बघितलं. आजवर तिन्ही हौदांना दर वेळी नवं पाणी लागायचं. आता तिने पाण्याला उलटं चालवलं. शेवटच्या हौदाचं जवळजवळ स्वच्छ पाणी पुढच्या खेपेला मधल्यात, मधल्याचं पहिल्यात, आणि पहिल्याचं रंगाच्या भट्टीत. त्याने फिके रंग बिघडणार होते. मग फिके रंग सोडून दिले! राघोने भिवंडीला जाऊन सांगितलं, आजपासून आमच्याकडे काळा, गडद निळा, वांगी. लिंबू आणि मोतिया दुसरीकडे बघा. विहिरीच्या कळशा निम्म्यावर आल्या.

"मिलमध्ये असलं कुणाच्या डोक्यात नाय आलं," राघो म्हणाला. "तोटी फिरवली की पाणी. डोकं कशाला फिरवायचं?"

आणि तुळसाने आपल्या हाताने खाडीकडच्या नळात चिंध्या आणि चिखल ठासून भरला. भट्टीचं पाणी आता आगराच्या पहिल्या कप्प्यात जाऊ लागलं.

माघ संपत आला. दुपारचा खारा वारा सुटला की आगरातलं निळं पाणी थरथरायचं आणि रोज थोडं खाली जायचं. शेवटच्या कप्प्यातलं इतकं दाटलं की पंढरी बोट बुडवून म्हणाला, "दाना धरनार आता."

आणि मग अमावास्येचं उधाण आलं.

पहाटे तुळसा आगरावर गेली तर सगळे कप्पे काठोकाठ. खाडीचं पाणी आत आलेलं, आणि आता ओहोटी लागली होती. बांधातली उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी आत घ्यायची खिडकी, सताड उघडी. तिच्यातून एक निळी धार सळसळत खाडीत चालली होती. शेजारी पंढरी बसलेला, मांडीवर उघाडीची सागवानी फळी.

"बाबा!" मागून आलेला राघो किंचाळला. "काय केलंत हे!"

"उधान होता," म्हातारा पुटपुटला. "हात गेला रं."

जन्मभर उधाणाला उठून त्याने तीच फळी उचलली होती. आजही तो जागा व्हायच्या आधी त्याचे हात जागे झाले होते.

तुळसाने त्याच्या मांडीवरून फळी ओढली आणि पाण्यात उडी घेतली. छातीएवढ्या गाळात उभी राहून, पाठ लावून, तिने ती फळी खाचेत दाबली. राघोने वरून दगड रचले. धार थांबली. पण खाडीवर निळा पट्टा पसरला होता आणि त्याच्या मधोमध दामाजी पाटलांची होडी चालली होती. दामाजींनी वल्हं थांबवलं. पाण्याकडे बघितलं, तुळसाकडे बघितलं, आणि वल्हं मारत निघून गेले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुपारी मंजुळा आली ती पाटीशिवाय, कमरेवर हात ठेवून.

"आता शिमगा नाय नि काय नाय. उद्याच येतात समदे. काय तोंडाने थांबवू मी त्यांना, सांग!"

तुळसा तोंड उघडणार इतक्यात पंढरी उठून पुढे झाला. एरवी आभाळाला टेकणारा त्याचा आवाज आज जमिनीवर होता.

"मंजुळा, उघाडी मी उघारली. तिना नल कवाच बंद केलाय. तिला बोलू नको."

"उधानाला?"

"हं."

मंजुळाने कमरेवरचे हात सोडले. मग मटकन ओट्यावर बसली.

"माजा बापूस शेवटी आंधला झालता," ती म्हणाली. "तरी भरती लागली की उठायचा नि घरभर जाला शोधायचा. भिंती चाचपत." तिने नाक पुसलं. "शिमग्यापरत थांबवते मी त्यांना. पन पुन्यांदा निला पानी दिसला, तं चिखलाची पयली पाटी माजी."

"तुजा शिमग्याचा लुगरा दे मना," तुळसा एकदम बोलली. "पांढरा पातळ हाय ना तुज्याकरं? आमच्या आगराच्या मिठाने रंगवते. खाडीसारखा गडद."

"मीठ अजून दिसला नाय नि लुगरा मागते!"

"दिसंल."

मंजुळाने पातळ आणून दिलं. असं देणारी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं.

ती गेल्यावर पंढरीने उघाडीची फळी उपसली. जागेवर दगड घातले, त्यावर चिकणमाती, पुन्हा दगड. तुळसा घमेलं घेऊन पुढे झाली तर त्याने तिला हाताने मागे सारलं. बापाने बसवलेली ती उघाडी त्याने एकट्याने बुजवली. वरून चवड्याने तुडवत राहिला, गरज संपली तरी तुडवत राहिला. फळी घरी आणून देवाखाली भिंतीला टेकवली आणि जेवायला न बसता झोपला.

मग मात्र ऊन असं पडलं! फाल्गुनाचं कडक ऊन आणि वारा. पाणी कप्प्याकप्प्याने चालत गेलं, दाटत गेलं, आणि एका दुपारी शेवटच्या कप्प्याच्या तळाशी काहीतरी चमकलं.

"पुरता सुकू दे," तुळसा आनंदाने म्हणाली. "मग खरवडून काढू."

"खबरदार! पुरता सुकवला तं रंगाची घान समदी मिठाला चिकटंल. शेवटचा पानी मिठाला द्यायचा नसतो. पान्याखालनं दाना ओढायचा नि दाट पान्यानंच धुवायचा."

तेल प्यायलेलं दाताळं इतक्या वर्षांनी पाण्यात उतरलं. पंढरी ओढत होता, दाणे खसखसत होते. ढीग झाला. त्यावर मधल्या कप्प्यातलं निवळलेलं दाट पाणी ओतलं, निळं ओघळून गेलं, आणि खाली उरलं ते मीठ, धुतलेल्या धोतरावर राहते तेवढ्याच निळीचं. तुळसाने ओंजळ भरून घेतली. बोलायचं काम पंढरीने केलं. विहिरीपर्यंत ऐकू जाईल असं ओरडला, "अगं गंगू! ये, आमटीला ने!"

कप्प्यात उरलेलं काळं पाणी सुकवून त्याचा चिखल एका पिंपात भरला. पत्र्याखाली ठेवला. त्याचं पुढे काय करायचं ते तिघांनाही कळलं नव्हतं.

"ते पुढच्या वर्षीचं भांडण," राघो म्हणाला आणि झाकण लावलं.

त्या आठवड्यात टेम्पोतून गोणी उतरली नाही.

मंजुळाचं पातळ भट्टीत गेलं तेव्हा राघो काठावर नखं खात बसला. नवं मीठ ओलसर होतं, त्यात सोड्याचा अंश होता, रंग कसा बसेल याचा नेम नव्हता. तुळसाने घमेलं ओतलं. पातळ फिरवत राहिली, खाली वर, खाली वर. आणि रंग चढला! हळूहळू, मग भराभर, दिवस मावळल्यानंतरच्या आभाळासारखा. काढलं, तिन्ही हौदांतून नेलं, उकळत्या साबणात घातलं, पिळलं. कुठे एक डाग नाही.

शिमग्याच्या दिवशी दुपारी कोळीवाडा आला. पुढे दामाजी पाटील, डोक्याला तांबडा रुमाल. मागे आठदहा माणसं, प्रत्येकाच्या खांद्यावर चिखलाची पाटी. बायका, पोरं, होळीसाठी नटलेली. आगरीपाडाही मजा बघायला जमला. राघोने तुळसाचा हात धरला, चारचौघांत, पहिल्यांदाच.

गर्दीतून मंजुळा पुढे झाली. हातात ते गडद निळं पातळ. कुणाशी न बोलता ती सरळ खाडीत गुडघाभर उतरली, पातळ पाण्यात बुडवलं, धोंड्यावर आपटलं, पुन्हा बुडवलं, पुन्हा आपटलं. पिळलं. सगळ्यांच्या माना पाण्याकडे.

खाडीचं पाणी मातकट होतं. मातकटच राहिलं.

"काय पाटील?" मंजुळा ओरडली. "दिसतो काय निला?"

दामाजी नळापाशी बसले आणि नळाच्या तोंडात बोट घातलं. आत माती वाळून दगड झाली होती. तीतच एक भोक होतं आणि भोकातून एका पिटुकल्या चिंबोरीने नांगा बाहेर काढून त्यांच्या बोटाला जोरात चिमटा घेतला.

"आयला!" दामाजींनी हात झटकला. पोरं खिदळली, मग बायका, मग दामाजींच्या स्वतःच्या मिशा हलल्या.

"इथं भारेकरू ठेवलाय वाटतं तुमी," ते तुळसाला म्हणाले. एवढंच. पण ते म्हणताना त्यांनी तिच्या निळ्या हातांकडे बघितलं, आणि या खेपेला तुळसाने हात लपवले नाहीत.

माणसं पाट्या घेऊन घुटमळत होती. खांदे अवघडले होते, चिखल पाठीवर ओघळत होता. ज्यासाठी आणला त्याचं कामच उरलं नव्हतं.

"ए दामाजी!" बांधावरून पंढरीने हाक मारली. "चिखल परत नेतंस काय? उघाडीकरचा बांध अजून बसका हाय माजा. टाक हिकरं!"

दामाजींनी शेजारच्याच्या खांद्यावरची पाटी आपल्या खांद्यावर घेतली, बांधावर चढले आणि बुजवलेल्या उघाडीवर पाटी पालथी केली. मागून एकेक करून सगळ्या पाट्या आल्या. दामाजींनी धोतर खोचलं आणि तो ओला चिखल पायाने दाबायला सुरुवात केली.

पंढरीने कमरेवर हात ठेवले.

"टाच नाय, दामाजी," तो म्हणाला. "चवरा टेक. चवरा!"